आधी झिरो, मग चालू

मित्रांनो, मला नवा म्हणावे की जुना, हे माझे मलाच अजून ठरवता आलेले नाही. माझा पत्र्याचा डबा एका म्हाताऱ्या स्टॅबिलायझरचा आहे. त्याने सगळी हयात फ्रिजच्या शेजारी घुमण्यात घालवली. पोटातला सप्लाय सुपेला बाजारातल्या एका मिठाईच्या दुकानाच्या दिव्यांच्या पाटीतला, तोंडावरची दोन गोल बटणे मोडक्या रेडिओची. नवे म्हणाल तर आकडे दाखवणारी छोटी काच आणि तिच्या मागची बोटभर हिरवी सर्किटची पट्टी, एवढेच. तेव्हा मी एक जुना म्हणा, नवा म्हणा, पॉवर सप्लाय आहे. भिलाईत, मरोद्याच्या एका क्वार्टरच्या मागच्या खोलीत, टेबलावर राहतो.

माझे काम समजायला सोपे आहे. भिंतीतली वीज फार दांडगट असते. छोट्या यंत्राला ती थेट दिली, तर ते जागच्या जागी जळून जाते. मी तिला ताळ्यावर आणतो आणि हवी तेवढीच पुढे सोडतो. माझ्या डाव्या बटणाने व्होल्ट ठरतात, म्हणजे पाण्याची टाकी किती उंच ठेवायची ते. उजव्या बटणाने करंट ठरतो, म्हणजे नळ किती उघडायचा ते. ही दोन बटणे नीट लक्षात ठेवा, कारण माझी सगळी कथा त्यांच्याभोवतीच फिरते.

मला जन्माला घातले समीक्षाने. ती सुपेल्यात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करते. तिथे असले तयार मशीन आहे, पण मालक त्यावर घरचे काम करू देत नव्हता, ते घरी आणता येत नव्हते आणि नवे घेणे परवडत नव्हते. घरी तर मशीन हवेच होते, आणि ते तिच्या आईसाठी.

तिच्या आईचे नाव अंजनाबाई. काही वर्षांपूर्वी दुखण्यापायी त्यांच्या गळ्याचे ऑपरेशन झाले आणि आवाज गेला. मग नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांना एक यंत्र दिले. दिसायला टॉर्चएवढे. ते गळ्याला टेकवून अंगठ्याने बटण दाबायचे, की गुणगुण सुरू होते आणि ओठ हलवले की त्या गुणगुणीचे शब्द होतात. आवाज सपाट येतो, पण शब्द आपले असतात. त्या यंत्रावर अंजनाबाईंनी भाजीवाल्याशी हुज्जत घातली, शेजारणींची खबर घेतली, आणि दर रविवारी रूरकेल्याच्या नातीशी, उन्नतीशी, फोनवर गप्पा मारल्या.

एके दिवशी ते यंत्र मुके झाले. नवी बॅटरी घातली तरी हूं नाही की चूं नाही. तसले यंत्र आता बनत नाही असे कळले. दुसऱ्या तऱ्हेचे कधी मिळेल याचा भरवसा नव्हता, आणि दुरुस्त करताना हेच जळले तर सगळेच संपले. अंजनाबाईंना लिहिता येत नाही. त्या टाळी वाजवून हाक मारू लागल्या. रविवारी फोन आला की उन्नती विचारायची, "आजी कावून बोलत नाही माझ्याशी? चिडली का?" अंजनाबाई फोन हातात धरून बसायच्या आणि मग तो समीक्षाकडे द्यायच्या. पुढे पुढे पोरीने आजीला फोनवर बोलावणेच सोडून दिले. त्या यंत्रात बेताबेताने वीज सोडून बिघाड शोधायचा, मित्रांनो, माझ्या जन्माचे कारण हे.

माझी जोडणी चालली होती तेव्हा माझ्या डब्याला भोके पाडली पुंडलिकरावांनी. ते समीक्षाचे बाबा, स्टील प्लँटमध्ये क्रेन चालवून रिटायर झालेले. उंच केबिनमध्ये बसून त्यांनी जन्मभर तापलेले लोखंड इकडचे तिकडे केले. खाली उभा माणूस हाताने खुणा करणार आणि वर बसलेल्याने त्या पाळायच्या, असा तो कारभार. आवाज गेल्यावर अंजनाबाईंनी त्याच खुणा उचलल्या होत्या. बोट वर गोल फिरले की चहा चढवा, तळहात खाली की गॅस कमी. दोघांचे छान जमायचे. समीक्षाला मात्र ही भाषा येत नव्हती. तिला वाटायचे, आईबाबांचा हा म्हातारपणीचा खेळ आहे.

माझी पहिली परीक्षा झाली तेव्हा मी सपशेल नापास झालो. काचेवर बारा व्होल्ट दिसत होते, पण बल्ब जोडला की आकडा कोसळून शून्य. समीक्षाने मला उघडले, तारा काढून पुन्हा जोडल्या, पुन्हा लावले. पुन्हा शून्य.

"अरे यार, डेड है ये," ती कपाळाला हात लावून म्हणाली. "मिठाईवाल्याने खराब माल दिला बाबा."

मला इतका राग आला! मी ठणठणीत होतो. माझ्या कोपऱ्यातला बारीक लाल दिवा प्रत्येक वेळी पेटून सांगत होता, की बाई, नळ बंद आहे. पण कोणी बघेल तर ना. शेवटी ती मला चौथ्यांदा उघडायला निघाली तेव्हा तिचे लक्ष त्या दिव्याकडे गेले. तिने उजवे बटण किंचित फिरवले आणि बल्ब झक्कन पेटला.

"बाबा, हे बटण तुमी बंद केलं का?"

"मंग?" पुंडलिकराव म्हणाले. "मशीन चालू कराच्या आधी सगळे हँडल झिरोवर. हा कायदा आहे क्रेनचा. मी दर बारीले करून राहिलो."

दर वेळी समीक्षा डबा बंद करायची, आणि दर वेळी हे गृहस्थ दोन्ही बटणे इमानदारीने शून्यावर आणून ठेवायचे. मग समीक्षा डावे तेवढे वाढवायची आणि उजवे तसेच बंद राहायचे. समीक्षाला हसू आले, पण ती चिडलीही. "हे क्रेन नाही बाबा. आता याले हात नाही लावाचा. प्रॉमिस?"

"प्रॉमिस," ते म्हणाले आणि अंगणात जाऊन बसले. चेहरा एवढासा झाला होता. खरे सांगू, मलाही वाईट वाटले. बटणे शून्यावर असली की मला निवांत झोप लागायची.

शनिवारी संध्याकाळी शेजारचा बबलू आला. तो ट्रक चालवतो. समीक्षा दुकानात, पुंडलिकराव बाजारात. "काकू, हेडलाइटचा बल्ब पायतो जरा," म्हणत त्याने माझी दोन्ही बटणे शेवटपर्यंत फिरवली. बावीस व्होल्ट! बल्ब पेटला, बबलू खूश झाला, मला बंद करून निघून गेला. बटणे तशीच. मी बंद असलो की माझी काच काळी असते, मग आत काय वाढून ठेवले आहे ते कोणाला दिसणार?

दिसले होते फक्त अंजनाबाईंना. समीक्षा घरी आली तशी त्या टाळ्या वाजवत माझ्याकडे बोट दाखवू लागल्या.

"हो आई, उद्याच करते," समीक्षा म्हणाली. "तुले घाई झाली, समजते मले." तिला वाटले, आई लवकर लवकर म्हणते आहे. रात्री जेवतानाही तेच झाले. दोघींची समजूत काही जुळेना, आणि पुंडलिकराव प्रॉमिसला जागून माझा विषय निघाला की मान फिरवायचे.

रविवारी सकाळी टेबलावर ते यंत्र उघडून ठेवले. त्याला हवे होते फक्त नऊ व्होल्ट. उन्नतीचा फोन यायच्या आत काम व्हावे म्हणून समीक्षा गडबडीत होती. नाहीतर एवढी हुशार मुलगी, आधी मला चालू करून आकडा बघितल्याशिवाय तिने माझ्या तारांचे चिमटे यंत्राला लावले नसते. पण त्या दिवशी तिने चिमटे आधी लावले. पुंडलिकराव शेजारी टॉर्च धरून उभे होते. बटणांकडे बघायचेही नाही असे ठरवूनच उभे होते.

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल! पोटात बावीस व्होल्ट घेऊन मी बसलो होतो आणि समोर ते एवढेसे यंत्र. मला तोंड नाही. ओरडणार कसा? आणि दारात उभ्या त्या माउलीलाही आवाज नव्हता.

समीक्षाचे बोट खटक्याकडे निघाले.

अंजनाबाईंनी टाळी वाजवली नाही. त्या पुंडलिकरावांच्या समोर आल्या आणि दोन्ही हात आडवे पसरून जोरात हलवले.

क्रेनवाल्यांत या खुणेचा अर्थ एकच, थांब. ती कोणीही द्यावी, साहेबाने किंवा झाडूवाल्याने, आणि वर बसलेल्याने कावून म्हणून विचारायचे नाही. टॉर्च खाली पडला. पुंडलिकरावांचे दोन्ही हात माझ्या दोन्ही बटणांवर आले आणि करकन् फिरले. त्याच क्षणी खटका पडला. माझी काच उजळली. शून्य.

"बाबा! ठरलं होतं ना आपलं!" समीक्षा ओरडली.

"तुह्या मायनं स्टॉप देल्ला," ते धापा टाकत म्हणाले. "स्टॉप देल्ला का थांबाचंच."

अंजनाबाईंनी माझे बटण दाखवले, हवेत हात शेवटपर्यंत फिरवला आणि बबलूच्या घराकडे बोट केले. समीक्षाने खिडकीतून हाक मारली. बबलू दात घासत भिंतीशी आला. "हो ना ताई, काल फुल करून पायला बल्ब. वापस कराचं राहून गेलं. कावून, काही झालं का?"

समीक्षा खाली फरशीवरच बसली. मग ती उठली, बाबांचा हात धरून तिने माझ्या बटणावर ठेवला आणि म्हणाली, "बाबा, आता तुमीच वाढवा. हळू."

भल्यामोठ्या क्रेनवर बसलेला तो हात इतक्या हलक्याने फिरला, की मला गुदगुल्या झाल्या. आधी उजवे थोडेसे, मग डावे. एक, दोन, पाच, नऊ. करंट मात्र जागचा हलेना. "म्हंजे आत कुठंतरी तुटलं आहे," समीक्षा म्हणाली आणि यंत्राचे बटण दाबून पाहू लागली. एकदा माझा आकडा जरासा उडाला आणि पुन्हा पडला. तिने तिथेच भिंग धरले. अंगठ्याने दाबून दाबून त्या बटणाखालचा कथलाचा टाका तडकला होता. बाकी सगळे शाबूत. तिने मला बंद केले, डाग दिला, पुन्हा मला चालू केले आणि बटण दाबले.

गुणगुण सुरू झाली. तसला बेसूर आवाज मी दुसरा ऐकलेला नाही, आणि त्याच्याइतका गोडही नाही.

बॅटरी घालून यंत्र अंजनाबाईंच्या हाती दिले. त्यांनी ते गळ्याला लावले. सगळे कान टवकारून उभे. इतक्या दिवसांनी आता काय बोलतील?

"काल सांजपासून सांगून राहिली," त्या म्हणाल्या. "घरात कोणाले डोये आहेत का नाही? अन् त्या बबल्याले आधी इकडे बोलवा."

पुंडलिकराव हसता हसता रडू लागले. समीक्षा आईच्या गळ्यात पडली, तेव्हा यंत्र दोघींच्या मध्ये अडकून भलतेच गुरगुरले. तेवढ्यात फोन वाजला. समीक्षाने न उचलता तो आईकडे दिला.

"उन्नती," अंजनाबाई म्हणाल्या, "मी चिडली नव्हती बेटा."

मी माझ्या टेबलावरून सगळे ऐकत होतो. माझ्या पाठीमागचा छोटा पंखा जरा जास्तच फिरत होता म्हणतात. फिरू दे.

आता मी तिथेच असतो. दुरुस्तीसाठी कोणकोण येते, बबलूही येतो. माझी तुमच्याकडे एकच विनंती आहे. माझ्यासारखे कुणी तुमच्या हाती आले, तर काम झाल्यावर त्याची बटणे शून्यावर आणून मगच उठा. तुमच्यानंतर त्या खुर्चीवर कोण बसणार आणि त्याच्या हातात कोणाचा आवाज असणार, ते तुम्हाला ठाऊक नसते.

माझ्या बाबतीत मात्र आता हे कोणी विसरू शकत नाही. कोणी खुर्ची सरकवली, की स्वयंपाकघरातून तो सपाट, गुणगुणता आवाज येतो.

"झिरो केलं का?"