विश्राम भोईर यांना सोडता येत नाही

छप्पन सालच्या मार्चमध्ये बढतीची यादी आली, ती मीच नोंदवून घेतली. मी बारनिशीचा कारकून. आमच्या ठाण्याच्या कचेरीत येणारा आणि बाहेर जाणारा प्रत्येक कागद माझ्या हाताखालून जातो, त्याला नंबर पडतो, तारीख पडते. लोकांना वाटतं मी कागद वाचत नाही. मी त्यांना तसं वाटू देतो.

यादीत एकच नाव होतं. मधु ओक, कारकून, यांस अव्वल कारकून नेमण्यात येत आहे. खाली बारीक अक्षरात शेरा होता: विश्राम भोईर हे सेवेने ज्येष्ठ असले तरी त्यांनी आवश्यक ते ट्रेनिंग घेतलेले नाही, चार वेळा संधी देऊनही तयारी दर्शविली नाही, सबब त्यांचा विचार करता आला नाही.

विश्राम चाळीस साली नोकरीला लागला, मधु अठ्ठेचाळीसला. मधुला पहिलं तिमाही पत्रक आखायला विश्रामनेच शिकवलं. दुसरंही शिकवलं. तिसऱ्यापासून तो ते स्वतःच करून द्यायला लागला, कारण मधुला शिकवण्यापेक्षा ते सोपं होतं. मधु तसा वाईट पोरगा नाही. त्याला काम येत नाही आणि ते त्याला कळतही नाही, म्हणून तो नेहमी प्रसन्न असतो.

विश्राम माझ्या टेबलाशी आला आणि यादी दोनदा वाचून त्याने ती सरळ करून ठेवली.

"भाऊ, चार वेळा तयारी दर्शविली नाही, असं कुणाबद्दल लिहिलंय?"

"तुमच्याबद्दल."

"मी कधी नाय म्हटलं?"

"म्हटलं नाहीत. सही केलीत."

त्याला ते कळेना. बाहेरच्या माणसालाही कळणार नाही, म्हणून सांगतो. अव्वल कारकून व्हायचं तर पुण्याला तीन महिन्यांचा वर्ग करावा लागतो. दर जूनमध्ये वरून पत्र येतं, की जे कारकून तयार असतील त्यांची नावं पाठवा. मग हेडक्लार्क सगळ्या कारकुनांची नावं एका कागदावर लिहून तो कागद कचेरीत फिरवतो. ज्याला जायचं असेल त्याने नावापुढे 'तयार' असं लिहून सही करायची. नुसती सही केली, तर वाचलं पण जायचं नाही, असा अर्थ. हे त्या पत्रात शेवटच्या ओळीत असतं, आणि पत्र कुणी वाचत नाही. महिपत शिपाई दुपारच्या चहाला दिवसभराचे सगळे फिरते कागद एकदम घेऊन येतो. माणसं एका हातात कप धरून दुसऱ्या हाताने दहा-दहा सह्या ओढतात. कुणाच्या श्राद्धाची अर्ध्या दिवसाची रजा, कुणाची दौत हरवली, पुण्याचा वर्ग, सगळं एकाच घोटात.

विश्रामने मात्र पहिल्या वर्षी विचारलं होतं. हेडक्लार्क हरिहरराव देवस्थळी तेव्हा सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "अरे, तुझं नाव मी मघाशीच वर घातलंय. तू नुसती सही कर." विश्रामने नुसती सही केली. बाळकुमच्या आगरी घरातला पहिला मॅट्रिक. वडील माणसाने घातलं म्हटल्यावर घातलं का म्हणून परत विचारायचं नाही, अशी त्याची रीत. निवड झाली नाही तेव्हा हरिहरराव हळहळले. "वरच्यांनी तुला वगळलं रे. पुढच्या वर्षी बघतोच मी." अशी चार वर्षं ते बघत होते. तिसऱ्या वर्षी मधु पुण्याला जाऊन आला. येताना त्याने सगळ्यांना चिवडा आणला, आणि विश्रामला थोडा जास्त दिला.

हरिहररावांना सुमती नावाची लग्नाची मुलगी होती. मधुचे वडील कल्याणच्या पारनाक्यावरचे. त्यांची पोस्टकार्डं हरिहररावांना कचेरीच्या पत्त्यावर यायची. पोस्टकार्ड उघडंच असतं, त्याला मी काय करणार? हुंडा नको, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं होतं. मुलगा अव्वल कारकून झाला की मुहूर्त धरू, असंही स्वच्छ लिहिलं होतं. सुधारक माणसं.

विश्रामने अर्ज लिहिला. त्याच्या हातचा मसुदा म्हणजे एक अक्षर हलवता यायचं नाही. पण सरकारी नोकराचा अर्ज योग्य मार्गाने जावा लागतो, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच हातून. हरिहरराव स्वतः माझ्याकडे आले. असं ते वर्षातून एकदा, दिवाळीला, येतात.

"भाऊ, विश्रामचा अर्ज जरा सावकाशीने नोंदवा. पोर तापलंय. दोन दिवसांनी स्वतःच परत मागेल."

"नोंदवला."

"कधी?"

"सकाळी. तुम्ही यायच्या आधी."

"तुम्ही फार तत्पर हो," असं म्हणून ते हसले. त्यांचे दात सुपारीने विटकरी झाले होते.

मे महिन्यात वरच्या कचेरीतून एक साहेब चौकशीला आले. पंख्याखालची खुर्ची त्यांना दिली. चार वर्षांचे चार फिरते कागद हरिहररावांनी फाईल लावून तयारच ठेवले होते. साहेबांनी एकेक कागद विश्रामपुढे धरला.

"ही सही तुमची?"

"होय साहेब."

"इथं 'तयार' असं लिहिलेलं दिसत नाही."

"हरिहररावांनी सांगितलं होतं, नाव घातलंय म्हणून."

हरिहररावांनी मान खाली घातली, जशी घरातल्या मुलाची चूक बाहेरच्यांसमोर निघाल्यावर घालतात. "साहेब, माणूस गुणी आहे. पण घर सोडून तीन महिने राहायचं म्हटलं की ह्या लोकांच्या जिवावर येतं. शेती, मासळी, जत्रा. मी कितीदा समजावलं."

विश्रामच्या घरी शेताचा तुकडासुद्धा नव्हता.

तेव्हा मी उठलो. मोठी धिटाई केली असं कुणी समजू नये. मला पंधरा मिनिटं लागली उठायला. मी जावकाची चार वर्षांची पुस्तकं नेऊन साहेबांपुढे उघडली. विश्रामला एक खोड होती, सहीखाली तारीख टाकायची. सबंध कचेरीत तो एकटाच टाकायचा, आणि आम्ही त्याला हसायचो. त्रेपन्न सालच्या कागदावर त्याच्या सहीखाली सहा जून होतं. माझ्या पुस्तकात 'ट्रेनिंगसाठी नावे' असं पत्र बाहेर गेल्याची तारीख चार जून होती. म्हणजे नावं आधी गेली, आणि कोण तयार आहे हे नंतर विचारलं. चारही वर्षं तसंच. दोन दिवस, तीन दिवस, एका वर्षी तर आठ दिवस.

साहेबांनी चारी पानं नीट पाहिली. माणूस हुशार होता, त्याला पहिल्याच पानाला समजलं. त्याने चष्मा पुसला, हरिहररावांनी पुढे केलेली सुपारी घेतली, आणि माझी पुस्तकं स्वतःच्या हाताने मिटली.

"हा वेगळा मुद्दा आहे," साहेब म्हणाले. "माझ्यापुढचा प्रश्न एवढाच, की ट्रेनिंग झालेलं आहे की नाही. झालेलं नाही. का झालं नाही, त्याची हवी तर वेगळी चौकशी होईल."

त्यांनी निकाल दिला तो असा: बढती नियमाप्रमाणे योग्य. हेडक्लार्कने यापुढे कागद वेळेवर फिरवण्याची दक्षता घ्यावी. भोईर यांस पुढील वर्गास अवश्य पाठवावे. हरिहररावांनी साहेबांना स्टेशनवर पोचवलं. वैशाखातच सुमतीचं लग्न झालं. आम्ही सगळे जेवायला कल्याणला गेलो. मीही गेलो. जिलेबी चांगली होती आणि मी तीनदा घेतली, हे लिहून ठेवलेलं बरं.

चौकशीच्या संध्याकाळी विश्रामचा रस्ता बाळकुमचा, माझा कोपरीचा. तरी तो माझ्याबरोबर स्टेशनच्या पुलापर्यंत आला.

"भाऊ, ते तुम्हाला आज समजलं, का आधी?"

"आधी."

"कधी?"

"पहिल्या वर्षी."

तो म्हणाला, "तुमचं काही अडलं असतं का सांगून?"

"नसतं."

"मग?"

मला वाटलं, हेडक्लार्कशी वाकडं नको, असं काहीतरी सांगावं. पण हरिहरराव माझं काही करू शकत नव्हते. बारनिशी कुणालाच नको असते. मी खरं सांगितलं. "गंमत बघत होतो, विश्रामभाऊ. चार वर्षं कुणाच्या लक्षात येत नाही, ह्याची."

त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो "बराय" म्हणाला आणि परत फिरला.

जूनमध्ये वर्गाचं पत्र आलं. ह्या वेळी विश्रामने 'तयार' असं मोठ्या अक्षरात लिहिलं. पण नाव पाठवायचं ते टेबलाच्या प्रमुखाच्या शिफारशीने, आणि त्या टेबलाचा प्रमुख आता अव्वल कारकून मधु ओक. मधु विश्रामच्या खुर्चीशी येऊन उभा राहिला.

"विश्रामकाका, एक टिपण लिहून द्या ना. सासरे म्हणाले, तिमाही पत्रक तोंडावर आहे, तर तुम्हाला आत्ता सोडता येत नाही, असं वर कळवायचंय. मला ती भाषा जमत नाही."

"माझ्याबद्दलच?"

"हो ना. तुम्ही छान लिहिता."

टेबलावरच्या कुणी मान वर केली नाही. विश्रामने टाक पुसून ठेवला. "मधु, हे काम माझ्याच्याने होणार नाही. माझं ट्रेनिंग झालेलं नाय."

त्या दिवसापासून त्याने त्याचं स्वतःचं काम तेवढं केलं. नक्कल कर म्हटलं तर नक्कल केली. पत्रक आखायचं आलं, की कागदावर 'हे काम ट्रेनिंग झालेल्या कारकुनाचे आहे, सबब परत' असा शेरा मारून सही करायची, खाली तारीख, आणि कागद मधुकडे. भांडण नाही, आवाज नाही. वेळेवर यायचा, वेळेवर जायचा. जुलैच्या मध्याला वरून पहिलं स्मरणपत्र आलं. मग दुसरं. तिसऱ्यावर लाल शाई होती. मधुने रात्री जागून पत्रक केलं. त्यात उभी बेरीज आणि आडवी बेरीज एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या.

हरिहररावांनी विश्रामच्या टेबलावर स्वतःच्या हाताने चहा आणून ठेवला. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

"विश्राम, कचेरीची अब्रू आहे रे."

"मला पुण्याला सोडा साहेब. तेवढं लिहून द्या."

"पत्रक झालं की लगेच."

"आधी द्या."

विश्रामचं नाव गेलंच नव्हतं आणि वर्ग सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते. तरी हरिहररावांनी दुपारी ट्रंककॉल लावला, पाचच्या आत जागा मिळाली, साडेपाचला विश्रामला सोडल्याचा हुकूम माझ्याकडे जावकाला आला. चार वर्षं जे होत नव्हतं, ते एका दुपारी झालं. विश्रामने जाण्याआधी बसून पत्रक पुरं केलं. मला ते पटलं नाही. मी असतो तर केलं नसतं.

वर्गात तो पहिला आला. दोन महिन्यांनी वरून नवा हुकूम आला: भोईर यांस अव्वल कारकून नेमण्यात येत आहे, ज्येष्ठता वर्ग पुरा केल्याच्या तारखेपासून धरावी. म्हणजे जन्मभर मधुच्या खाली. हरिहररावांनी पेढे वाटले आणि भाषण केलं, की आमच्या कचेरीत गुणांचं चीज होतं. मधुने टाळ्या वाजवल्या. तो मनापासून वाजवत होता, ह्याचीच मला जास्त शिसारी आली.

विश्रामने पेढा घेतला नाही. त्याने कल्याणच्या कचेरीत बदली मागितली. तिथे ट्रेनिंग झालेला अव्वल कारकून हवाच होता, आणि अशा माणसाला अडवता येत नाही. शेवटच्या दिवशी त्याने मधुला चार्ज दिला. एक्केचाळीस फायली, यादीबरहुकूम, प्रत्येकीवर मधुची सही. सह्या झाल्यावर मधुने वरची फाईल उघडून पाहिली आणि हलक्या आवाजात विचारलं, "विश्रामकाका, हे पुढचं पत्रक नेमकं सुरू कुठून करायचं?"

विश्राम डबा पिशवीत भरत होता. "पुण्याला शिकवतात," तो म्हणाला. "मलाही शिकवलं. तू गेलेलास ना?"

मधु हरिहररावांकडे बघायला लागला. हरिहरराव माझ्याकडे. मी विश्रामच्या बदलीच्या हुकमाला नंबर टाकला आणि तो बाहेर पाठवला.