मार्लिसची जास्तीची बचत

बचत जास्त झाली म्हणून जगात आजवर कोणाचं वाईट झालेलं नाही. मार्लिस हाउगेनचं झालं, पण ती पडली अमेरिकेतल्या डुलूथ गावची. तिथली माणसं वाईटसुद्धा नेटानं करून घेतात.

मार्लिस नर्स. आठवडाभर एका इस्पितळात, शनिवारी दुसऱ्यात. दोन्हीकडे तिनं पगारातून निवृत्तीसाठी होईल तेवढं कापायला सांगितलं होतं, म्हणजे नवरा ऑरिन आणि ती एकाच उन्हाळ्यात घरी बसतील. अशा कापलेल्या पैशांवर त्या वर्षी कर नसतो, म्हणून सरकारनं त्याला मर्यादा घातलेली आहे. ती सगळ्या नोकऱ्यांची मिळून एकच असते. दोन्ही इस्पितळांना हा नियम पाठ होता; फक्त एकमेकांचा पत्ता नव्हता.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला दोघांनी सह्या करून गेल्या वर्षीच्या कराचं एकत्र विवरणपत्र भरलं. महिना संपता संपता ऑरिन गेला. मग मर्यादा ओलांडल्याचं उघडकीला आलं आणि एका इस्पितळानं जास्तीचे पैसे चेकनं परत केले.

चेक घेऊन ती चर्चच्या तळघरात वर्लिन टॉफ्टेकडे गेली. वर्लिन लोकांचे कर फुकटात भरून द्यायचा. गोठलेल्या तळ्यावर ऑरिनशेजारी बसून मासे न पकडण्यात त्याची उभी हयात गेली होती.

"पैसे यंदा आले, पण धरायचे गेल्या वर्षीच्या मिळकतीत," तो म्हणाला. "गेल्या वर्षीचं विवरणपत्र दुरुस्त करावं लागणार."

"यंदाच्यात दाखव की."

"यंदाच्यात फक्त त्यावरचा नफा." त्यानं दुरुस्तीचा कोरा फॉर्म पुढे सरकवला. "आणि इथे वर... ऑरिनच्या नावाबरोबर 'मयत' लिही. तारीख घाल."

"गेल्या वर्षी होता ना तो! चांगला माझ्या डब्यातलं सँडविच चोरून खात होता."

"सही आत्ताची आहे, मार्लिस."

"मग राहू दे ना चुकीचंच. त्याच्यावर त्याची सही आहे. शेवटची."

वर्लिननं चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. "चूक तुझी. ती त्याच्या सहीवर कशाला ठेवतेस?"

मार्लिसनं पेन उचललं. "म्हणायचा, एक तरी शनिवार घरी थांब. मी म्हणायचे, उन्हाळ्यापासून सगळे तुझेच."

"हो ना, मलाही सांगायचा. शनिवारी घर खायला उठतं म्हणून तर माझ्याकडे येऊन..."

वर्लिननं जीभ चावली. पण बोलून झालं होतं.

मार्लिसनं 'मयत' लिहिलं. तारीख घातली. अक्षर नेहमीसारखंच आलं, हे तिला फार लागलं. पेन खाली ठेवायचं तिला सुचेना.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरचा तरुण तिच्याकडे वाकला.

"बाई, तुमच्याबरोबर कोणी नसेल तर ही खुर्ची घेऊ का? माझी बायको मघापासून उभी आहे."