गोरखचिंचेमागचा पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. पूर्णा स्टेशनासमोरच्या अनंतरावांच्या फोटो स्टुडिओत माणसांच्या पाठीमागे उभं राहण्यात माझी हयात गेली. आणि आधीच सांगून टाकतो, मला एका झाडाचा हेवा वाटतो. झाड हजारेक वर्षांचं आहे म्हणतात. असेना का! पोटात दुखायचं ते दुखतंच.

माझा जन्म मांजरपाटाच्या ताग्यातून झाला. नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या सिताराम पेंटरने रंगात चिकट सरस कालवून माझ्यावर एक तळं काढलं. तळ्यात दोन राजहंस, काठाला संगमरवरी पायऱ्या आणि कोपऱ्यात एक झाड. ते आंब्याचं की नारळाचं, हे खुद्द सितारामलाही सांगता आलं नसतं. पण लोकांना मी फार आवडायचो. नवी जोडपी, बदली होऊन चाललेले रेल्वेचे बाबू, जावळ काढलेली बाळं, सगळी माझ्यापुढे बसली. "तळ्याचाच पडदा लावा बरं का," असं बायका बजावून सांगायच्या. ते ऐकून मी नुसता फुगून जायचो.

मग नामांतराच्या चळवळीच्या त्या वर्षांत, एका उन्हाळ्यात परभणीचे दिनकरराव स्टुडिओत आले. ते वनस्पतिशास्त्र शिकवायचे. जगातल्या सगळ्यांत जुन्या सजीवांचं प्रदर्शन त्यांना भरवायचं होतं. कुठल्या डोंगरावरचं हजारो वर्षांचं पाइनचं झाड, कुठल्या बर्फाळ मुलखात खडकाला चिकटून बसलेलं दगडफूल, अशी चित्रं त्यांनी जमवली होती. आपल्या जिल्ह्यातलंही एक हवं, म्हणून जवळच्या खेड्यातल्या गोरखचिंचेचा फोटो अनंतरावांनी काढावा, असं त्यांचं म्हणणं होतं. एरवी "मान थोडी वर" यापलीकडे न बोलणारे अनंतराव त्या झाडाविषयी तासभर विचारत बसले. माझ्याविषयी ते कुणाशी एवढं बोलल्याचं मला आठवत नाही.

गावात चार फोटो निघतील म्हणून त्यांनी मलाही एसटीच्या टपावर टाकलं. झाड पाहिलं आणि मला हसूच आलं. सुजलेल्या हत्तीच्या पायासारखं खोड, ऐन उन्हाळ्यात अंगावर एक पान नाही. यासाठी स्टुडिओला कुलूप लावलं होतं! खोडावर चुन्याची फुली होती. रस्ता रुंद व्हायचा होता आणि झाड मधे येत होतं.

"हा फोटो प्रदर्शनात लागला आणि साहेब लोकांनी पाहिला, तर झाड वाचेल," दिनकरराव म्हणाले.

पण झाडाला रोज दिवा लावणारी म्हातारी चतुराबाई कॅमेऱ्यापुढे आडवी आली. "फोटू काडला की आयुष्य तुटतंय. माज्या झाडाचा फोटू काडू नगा."

"आजी, नाही काढला तर कुऱ्हाड येईल," दिनकरराव म्हणाले.

चतुराबाई खोडाला टेकून बसली. मग उठून म्हणाली, "मंग आदी माजा काडा. फुडल्या बाजारापस्तोर मी धड ऱ्हायले, तर झाडाचा काडा."

लगेच मला दोन बांबूंवर ताणलं. म्हातारी डोक्यावर पदर घेऊन खुर्चीवर बसली, नेमकी माझ्या दोन राजहंसांच्या मधे. तिच्या जन्मातला तो पहिला फोटो! पण तिने मागे वळून एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. सगळा वेळ नजर त्या बोडक्या झाडावर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मोर्च्यांमुळे एसटीचा भरवसा नव्हता. म्हणून मला गुंडाळून चतुराबाईच्याच घरात आढ्याला टांगलं आणि अनंतराव पूर्णेला गेले. बाजार दोन दिवसांवर आला आणि म्हातारी तापाने फणफणली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आता फोटो निघत नाही, झाड गेलं आणि अनंतराव परत माझे झाले!

तिची सून मनकर्णा घाबरली. "आत्याबाई, लय तापायलंय अंग. फोटू काडू नगा म्हनून सांगावा धाडू का?"

"गप ऱ्हा," गोधडीतून चतुराबाई म्हणाली. "त्या कॅमेऱ्याला जेवढं आयुष्य खायचं व्हतं, तेवढं त्यानं माजं खाल्लं. आता त्याचं पोट भरलंय. झाडाला काय व्हत न्हाई."

मित्रांनो, ते ऐकलं आणि माझा आनंद कुठल्या कुठे गेला. हेवा मात्र दुप्पट झाला.

बाजाराच्या दिवशी अनंतराव आणि दिनकरराव परत आले, तेव्हा ती अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून झाडाशी आली. "कशी आहेस, आजी?" अनंतरावांनी विचारलं.

"ठनठनीत! दिसना का तुमाला?"

झाडाशेजारी गोवऱ्या आणि कडबा रचलेला होता. तो झाकायला बन्सीधर आणि लिंबाजी या गावच्या दोन गड्यांनी मला धरलं, तेही उलटं! माझी कोरी पाठ कॅमेऱ्याकडे आणि तळं गोवऱ्यांकडे. चतुराबाई खोडावर हात ठेवून उभी होती. अनंतरावांनी तिला बाजूला व्हायला सांगितलं.

"मी हितंच उभी ऱ्हाते. शेजारी मानूस असल्याबिगर झाड केवढं, ते कसं कळंल?"

"बरोबर आहे," दिनकरराव खूष झाले. हात सुटला तर ती खाली पडेल, हे फक्त मनकर्णाला ठाऊक होतं आणि मला. म्हातारीने चेहऱ्यावर तसूभर दिसू दिलं नाही. फोटो निघाला. अनंतरावांनी मान वर केली आणि ती मटकन खाली बसली.

दवाखान्याच्या गोळ्यांनी ताप उतरला. चतुराबाई पुढे चांगली जगली. फोटो परभणीत लागला, लोकांनी रांगा लावून पाहिला आणि रस्ता झाडाला वळसा घालून गेला. त्या फोटोत मी शोधून सापडणार नाही. अनंतरावांनी कडेचा पांढरा भाग कात्रीने कापून टाकला.

पुढे रंगीत फोटो आले, छापील धबधब्याचे कागद आले. मी कपाटामागे गेलो. उंदरांनी एक राजहंस खाल्ला, ओल लागून पायऱ्यांचा रंग उडाला. गोरखचिंचेला मात्र आजही पालवी फुटते म्हणतात. फुटणारच! तिच्यासाठी एक बाई तापात उठून उभी राहिली होती. माझ्यासाठी कुणी साधं कोरडं फडकं घेऊन आलं नाही.

म्हणून सांगतो, मित्रांनो. जुन्या झाडांचे फोटो काढा, त्यांना जपा, माझी ना नाही. पण तुमच्याही घरात कपाटामागे कुणीतरी गुंडाळून पडलं असेल. त्याला एकदा बाहेर काढा, उन्हात पसरा, आणि निदान घटकाभर त्याच्याकडे तोंड करून बसा. माझ्याकडे सगळ्यांची पाठच होती.