झुम्राकडची कॉफी

तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसावा असा माझा आग्रहही नाही. पण आंतरराष्ट्रीय न्यायालयातल्या एका न्यायाधीशाची खुर्ची मी, या हाकिया ड्रायव्हरने, एका शब्दावर वाचवली.

युद्ध संपून सात वर्षं झाली होती. आमच्या गावच्या झुम्राच्या नवऱ्याला ज्या पुलावर गोळी घातली, तो पूल पाहायला न्यायाधीश हेगहून बोस्नियात आले. गाडी माझी. झुम्राची साक्ष आधीच झाली होती. ती देऊन आल्यावर महिनाभर ती कुणाशी बोलली नव्हती. त्या दिवशी मात्र तिने अंगणातून हाक मारली, "दारावरून कोरडेच जाणार?"

असं म्हटल्यावर पुढे कोण जातो? न्यायाधीश बसले, कॉफी प्यायले.

झालं. आरोपीच्या वकिलाने अर्ज ठोकला : साक्षीदाराचा पाहुणचार घेणारा न्यायाधीश निःपक्षपाती कसा? त्याला खटल्यावरून काढा. तो गेला असता तर खटला पुन्हा पहिल्यापासून, आणि झुम्राने ते सगळं पुन्हा सांगायचं. तिचं हृदय तर तेव्हा डॉक्टरच्या भरवशावर चाललेलं.

मला हेगला बोलावलं. वकील म्हणाला, "किती कप?"

"एक," मी म्हणालो.

"मागच्या शुक्रवारी सांगितलंस तेव्हा अर्धा होता," कॉफीखान्यात माझी गोष्ट ऐकत बसलेला आमचा न्हावी फादिल मध्येच बोलला.

"अर्धाच," मी त्याला म्हणालो. "तुझ्यासारखा हावरटपणा न्यायाधीश करत नाहीत. दुसरा दिला तर त्यांनी कपावर हात ठेवला. मी ते हाताने करून दाखवलं, आणि बाकीच्या न्यायाधीशांनी तिथल्या तिथे अर्ज फेटाळला. वकिलाने स्वतः उठून मला दार उघडून दिलं."

कॉफीखान्याचा मालक इस्मेत टेबल पुसत होता. झुम्राचा धाकटा भाऊ. एरवी तो माझ्या गोष्टींत पडत नाही.

"मी तुझ्या मागच्याच बाकावर होतो, हाकियाभाई," तो म्हणाला. "पाहुणा एका कपावर उठला म्हटलं तर घराची अब्रू जाते, म्हणून तू तीन सांगितलेस. वर म्हणालास, चौथा मागत होते. न्यायाधीशांना काढलं. ताईला पुन्हा जावं लागलं. दुसऱ्या दिवशी साक्ष देता देता ती खुर्चीतच गेली."