पाहुण्यांच्या खुर्च्या

रायपूरच्या विमानतळावरचं प्रात्यक्षिक संपलं, तरी पाहुण्यांसाठी बसवलेल्या चार चामडी खुर्च्या त्या हलक्या हेलिकॉप्टरमध्ये तशाच होत्या. हे नवं यंत्र लष्करालाही विकायचं होतं आणि खासगी कंपन्यांनाही, त्यामुळे खुर्च्या कधी बसत, कधी निघत. ते काम नीलिमाचं. रायपूरलगतच्या बीरगांवमधल्या कामगाराची ही मुलगी चाचणी पथकात इंजिनिअर होती.

तेवढ्यात पोलिसांचा फोन आला. दक्षिणेच्या जंगलात सुरुंग फुटून दोन जवान जखमी झाले होते. पोलिसांचं हेलिकॉप्टर दुसरीकडे अडकलं होतं, म्हणून त्यांनी हे मागितलं.

"खुर्च्या काढायच्या का?" पायलट निरंजननं विचारलं.

"अर्धा तास जाईन त्यात, भैया. दोघांले घेऊनही उठते हे. हिशोब केला मी."

दोघं तसेच निघाले. हिशोब बरोबर होता, पण मोकळ्या मैदानाचा. मैदानात हेलिकॉप्टर पुढे सरकत वेग घेतं आणि मग चढतं. जंगलात मिळाली ती सालच्या झाडांमधली अंगणाएवढी जागा. तिथून सरळ वर उठायचं होतं, तेही मे महिन्याच्या तापलेल्या, विरळ हवेत.

टेकताक्षणी झाडांतून गोळीबार सुरू झाला. एका जवानाचा पाय गुडघ्याखाली नव्हता. दुसऱ्याचं पोट फाटलं होतं. सोबतचा शिपाई त्याची आतडी गमछ्यात दाबून धरत पळत आला. दोघांना खुर्च्यांच्या मधे कोंबलं.

निरंजननं रिवाजाप्रमाणे यंत्र हातभर उचलून इंजिनावरचा ताण दाखवणारी सुई पाहिली. ती लाल रेषेपलीकडे गेली. त्यानं यंत्र परत टेकवलं.

"नाही उठून राहिलं. एकाले उतरवा लागते."

"कोणाले?"

त्यानं मागे वळून दोन्ही जवानांकडे पाहिलं.

नीलिमा पाना घेऊन मागे घुसली. एक खुर्ची सुटली, दुसरी सुटली. दोन्ही तिनं बाहेर फेकल्या. पाय तुटलेला जवान तिची ओढणी धरून पाणी मागत होता. तिसरीच्या बोल्टवर रक्त साचलं होतं, पाना निसटत होता. एक गोळी काच फोडून निरंजनच्या दंडाला चाटून गेली.

"सोड ते, नीलिमा. बस."

"आई म्हणते, जाडी झाली तू. खुर्चीपेक्षा मीच वजनी आहो, भैया. उचल."

"तुले इथं सोडून कसा जाऊ?"

"हव, मंग सांग, या दोघांतला कोण?"

तिनं उडी मारली आणि बाहेरून दार लावलं.

हेलिकॉप्टर उठलं. झाडांचे शेंडे त्याच्या पायांना घासले. खाली नीलिमा फेकलेल्या खुर्चीमागे आडवी झाली होती आणि शेजारून शिपाई गोळ्या झाडत होता.

दोन्ही जवान रायपूरला जिवंत पोहोचले. त्यांना उतरवून होताच निरंजननं दंडाला पट्टी बांधली आणि राहिलेल्या दोन खुर्च्या स्वतः काढल्या. इंधन भरून तो परत निघाला.

जंगलात गोळीबार थांबला होता. शिपाई जमिनीवर बसून होता. खुर्चीच्या चामड्याला भोकं पडली होती, त्यातलं एक आरपार. ती गोळी नीलिमाच्या गळ्यात शिरली होती.

दोघांनी तिला रिकाम्या केबिनमध्ये आडवं ठेवलं. शिपाई तिच्या पायाशी बसला. निरंजननं यंत्र हातभर उचललं, थांबला, सुई पाहिली. ती लाल रेषेच्या बरीच खाली होती.