फुकटचा कढीपत्ता

चिंचोटीच्या जंगलात फुलपाखरं बघून आल्यापासून माझ्या नातीने, मुक्ताने, घर डोक्यावर घेतलं होतं. कॉमन मॉर्मन हे पांढऱ्या पट्ट्याचं काळं फुलपाखरू कढीपत्त्यावर अंडी घालतं, असं तिथल्या ताईंनी सांगितलं होतं. कढीपत्त्याचा वास आला की अळी आणखी काही बघत नाही, खात सुटते.

आमच्या विरारच्या गॅलरीतल्या कुंडीत खरंच हिरव्यागार अळ्या सापडल्या. बोट लावलं की डोक्यातून लाल शिंगं काढायच्या. बघता बघता झाडाचा खराटा झाला. आता यांना उपाशी मारायचं का? भाजीवाल्याने कोथिंबिरीबरोबर फुकट दिलेला कढीपत्ता घरात होता. चांगला धुतला आणि अर्ध्या काड्या संध्याकाळी कुंडीत खोचल्या. उरलेला सकाळी पोह्यांच्या फोडणीत गेला.

बशी देताना मुक्ताला रोजची तंबी दिली. "पानं कडेला काढलीस तर बघ! चावून खायची, केस वाढतात."

मग झाडाला पाणी घालायला गेले. अळ्या काळ्या पडून लोंबत होत्या. एकीला काडीने डिवचलं. शिंगं आली नाहीत. दुसरीलाही नाहीत. नवी पानं जेमतेम कुरतडलेली होती.

"मेल्याने काय फवारलंय यावर?" मी पुटपुटले.

तेवढ्यात मुक्ता रिकामी बशी नाचवत आली.

"आजी, बघ! आज एकही पान टाकलं नाही."