वाटणीचं कपाट

पंडित वाईट माणूस नव्हता. हे आधीच सांगते, न्हाईतर पुढचं ऐकून तुमी त्यालाच शिव्या घालताल. मी घातल्यात, तो भाग वेगळा.

सोनपेठच्या अलीकडं, गोदावरीच्या काठाला आमचं गाव. ग्रामपंचायतीच्या मागं दोन खोल्यांचं सार्वजनिक वाचनालय होतं. त्याचे अध्यक्ष किशनराव. गावातली निम्मी काळी जमीन त्यांची, आन् उरलेल्या निम्म्याचा फैसला त्यांच्याच ओसरीवर व्हायचा. बायकांत तिथं जाणारी मी एकटी. माहेरी जिंतूरला सातवी झालेली, म्हणून श्रावणात पोथी वाचायला गल्लीतल्या बाया मला बोलवायच्या. "पोथी आणायला चालले" म्हटलं की माझे दीर दत्तराव काही बोलायचे न्हाईत. मालक वारल्यापासून घरात त्यांचाच शब्द. मी, माझी पोरगी वच्छी आन् मागली एक खोली, एवढाच आमचा संसार. जमीन दोघा भावांच्या नावावर, पण धान्याची रास पडायची एकाच्याच घरात.

आता खरं सांगते. पोथीसोबत मी आणखी एक पुस्तक आणायचे. नवरा मेल्यावर बायकोला किती हिस्सा, सातबाऱ्यावर वारस कसा लावायचा, अर्ज कसा लिहायचा, सगळं त्याच्यात होतं. मला माझं आन् वच्छीचं नाव त्या सातबाऱ्यावर पाहिजे होतं, बास. पोरगी पंधराची झाली होती. तिला दुसऱ्याच्या ताटाखालचं मांजर करून ठेवायची माझी तयारी नव्हती.

तुमी म्हणताल, गावात कळलं कसं न्हाई? त्याचं कारण विद्यापीठाच्या नामांतराचा दंगा. त्या साली कोण कोणचा पेपर वाचतंय, कोणाच्या काखेत कोणचं पुस्तक हाय, ह्यावरून माणूस ओळखायचे. ओळखलेल्या माणसाच्या घराचं काय झालं ते सगळ्यांनी डोळ्यानं बघितलं होतं. तवापासून आमच्या गावात उघडं पुस्तक कुणी रस्त्यानं नेत न्हाई. वाचनालयातच जुन्या पेपराचं कव्हर घालायचं आन् मग उंबरा ओलांडायचा. दंग्याला चार-पाच वरसं होऊन गेली तरी लोक पोथीलासुद्धा कव्हर घालायचे.

आतली मांडणीही तशीच होती. कपाटं बंद, कुलूप लावलेली. पुस्तकं ज्या क्रमानं विकत आणली त्या क्रमानं नंबर टाकलेले. चिठ्ठीवर नंबर लिहून द्यायचा, ग्रंथपाल आतून पुस्तक आणून देणार. बैलाच्या आजाराच्या पुस्तकाशेजारी नाटक, नाटकाशेजारी पाककृती. नवख्या माणसाला काही म्हणजे काही सापडायचं न्हाई. पण ज्याला नंबर पाठ, त्याचं गुपित त्याच्यापाशी राहायचं.

मग जुना ग्रंथपाल गेला आन् पंडित आला. परभणीला ग्रंथालयाचा कोर्स करून आलेला, तरणा, सायकलवर फिरणारा. आल्या आल्या त्यानं कपाट उघडलं न्हाई का झाडू मारला न्हाई. दारात स्टूल टाकून बसला. येणाऱ्याला विचारायचा, "काय पाहिजे होतं तुमाला?" आन् जाणाऱ्याला, "सापडलं का?"

"काकू, एक माणूस बैलाला फऱ्या झाला म्हणून पुस्तक शोधायला आला होता," एक दिवस तो मला म्हणाला. "पुस्तक हाय आपल्याकडं. पण नंबर माहीत न्हाई म्हणून हात हलवत परत गेला. बैल मेला त्याचा. पुस्तक हाय, माणूस हाय, गरज हाय, मग मधी नंबर कशाला?"

खरं होतं त्याचं. मीच म्हणले, "बरोबर हाय रे बाबा."

मग त्यानं एक खेळ मांडला. पुस्तकांची नावं लिहिलेल्या चिठ्ठ्या सतरंजीवर पसरल्या आन् गावाला बोलवलं. "जी पुस्तकं एकाजागी असावीत असं तुमाला वाटतं, त्यांचे ढीग करा. मी माझ्या मनानं काही करणार न्हाई, तुमच्या मनानं कपाटं लावणार." माणसं हसत हसत बसली. दुखण्याखुपण्याचा ढीग झाला, पिकाच्या किडीचा झाला, नोकरीचा झाला. किशनराव खुर्चीत बसून पान चघळत बघत होते. शेजारी आमचे भावजी, दत्तराव.

माझ्या हाताला नेमकी ती चिठ्ठी आली. वारसाहक्काची. मी ती गपचूप पोथ्यांच्या ढिगात सरकवली. तिथं असली म्हणजे मला पोथी काढता काढता ती काढता आली असती. कुणाचं काय जात होतं?

"काकू!" पंडित मोठ्यानं हसला. "वाटणीचा कायदा पोथ्यांत कसा काय? देव काय वाटणी करून देतोय का?" सगळे हसले. त्यानं चिठ्ठी उचलून जमिनीच्या ढिगावर ठेवली. किशनरावांनी पानाची पिंक टाकली आन् माझ्याकडं बघितलं, मग भावजींकडं. ते हसले न्हाईत.

पंधरवड्यात नवं वाचनालय उभं राहिलं. कपाटांची दारंच काढून टाकलेली. दर कपाटावर पंडितनं स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी, लांबून दिसंल अशी. 'दुखणं'. 'पीक आन् जनावर'. 'नोकरी पाहिजे'. 'मजुरी आन् हक्क'. आन् भिंतीच्या मधोमध, रस्त्यावरून खिडकीतून दिसंल अशा जागी, 'जमीन, वाटणी, कोर्ट'.

उद्घाटनाला किशनराव उठले. "पंडित, लय झकास काम केलंस," ते म्हणाले. "आजवर आमाला कळतच नव्हतं गावाला काय पाहिजे. आता कोण काय शोधायलंय ते बसल्या जागी दिसतंय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंडितचं तोंड आनंदानं फुललं होतं.

दुसऱ्या दिवसापासून किशनराव रोज संध्याकाळी वाचनालयात बसायला लागले. आधी वरसात दोनदा तोंड दाखवायचे, झेंड्याला आन् वर्गणीला. आता खुर्ची मधोमध. हातात पेपर, पण पान उलटायचं न्हाई.

पहिला सापडला तो ग्यानबा. धनगराचा पोरगा, चौथी शिकलेला, किशनरावांच्याच वाड्यावर सालगडी. गुढीपाडव्याला साल ठरलेलं, पुढच्या पाडव्यापर्यंत माणूस बांधलेला, अशी आमच्याकडची रीत. मालकसुद्धा मधी साल मोडत न्हाई. ग्यानबा 'मजुरी आन् हक्क'च्या कपाटापुढं उभा राहून बोट लावून वाचत होता. किशनराव त्याला म्हणाले, "वाच, वाच. चांगलं असतंय." त्या आठवड्यात त्याचं साल मोडलं. चोरी न्हाई, भांडण न्हाई, कारण न्हाई. गावात दुसऱ्या कुणी त्याला कामावर घेतलं न्हाई. मेंढरं हाकत बायकोपोरं घेऊन तो पूर्णेकडं निघून गेला.

मी पंडितला गाठलं. "पाट्या काढ बाबा. कपाटाला दारं लाव. पहिल्यासारखं चिठ्ठीनं दे."

"काकू, लोकांना हवं ते सापडायला लागलंय आता."

"सापडायलंय की! ग्यानबाला सापडलं, आन् ग्यानबा किशनरावाला सापडला. तुझ्या डोक्यात उजेड पडतोय का न्हाई?"

"साल मोडलं ते वेगळ्या कारणानं असंल," तो म्हणाला, पण माझ्या नजरेला नजर देईना. "आन् पाट्या माझ्या न्हाईत, काकू. गावानं ढीग केले." मला इतका संताप आला की तिथलं स्टूल त्याच्या टाळक्यात घालावं वाटलं. त्याला भूल पडली होती. माणसाला काय पाहिजे ते त्यानं बरोबर ओळखलं होतं. ते दुसऱ्याला दिसू नये, हेही माणसाला पाहिजे असतंय, एवढं काही त्याला विचारायचं सुचलं न्हाई.

मी जायची बंद झाले. पण माझा अर्ज अर्धाच उतरवून झालेला. सोबत कोणकोणते कागद जोडायचे ते पुस्तकाच्या शेवटी होतं. सोनपेठच्या कचेरीतला कारकून म्हणाला होता, अर्ज पुरा करून आणा, मग बघू. मी रोज ठरवायचे आन् रोज माघार घ्यायचे. भावजी आताशा फार गोड बोलायला लागले होते. "वहिनी, दूध घेत जा. वहिनी, वच्छीला काही आणू का?" त्या गोडीची मला धास्ती वाटायची.

बाजाराच्या दिवशी सकाळी माझी जाऊ कडूबाई वच्छीला घेऊन पूर्णेला गेली, तिच्या माहेरी. "दोन दिवस पोरीला हिंडवून आणते," म्हणाली. वच्छी उड्या मारत गेली. मी म्हणले, हीच वेळ हाय. सारा गाव सोनपेठच्या बाजाराला, भावजीही गेलेले, किशनरावांची जीपही वेशीतून जाताना दिसलेली. डोक्यावरून पदर घेऊन भर दुपारी मी वाचनालयात शिरले.

पंडित टेबलाशी मान खाली घालून बसला होता. मी सरळ जमिनीच्या कपाटापुढं गेले. पाटी नवी रंगवलेली, ओल्या रंगाचा वास येत होता. आन् कपाट रिकामं. एक पुस्तक न्हाई. सगळ्या फळ्या पुसून लख्ख केलेल्या. मधल्या फळीवर फक्त एक स्टॅम्पपेपर, वर दगड ठेवलेला.

"बसा वहिनी," मागून आवाज आला. आतल्या खोलीतून किशनराव आले, त्यांच्या मागं भावजी. जीप नुसती मला दाखवायला गेली होती. "काय शोधायल्या?"

मला एकदम राग आला, अंगातून जाळ निघावा तसा. "माझा हिस्सा शोधायलेय," मी म्हणले. "आन् माझ्या पोरीचा."

"म्हणूनच तर तुमाला पाहिजे तो कागद बरोबर जागेवर ठेवला. ह्या पंडितनंच शिकवलं आमाला." किशनराव खुर्चीत बसले. "वाचा की. तुमाला येतंय वाचायला."

हक्कसोडपत्र होतं. मी माझ्या खुशीनं, कुणाच्या दबावाशिवाय, माझा आन् माझ्या अज्ञान मुलीचा हिस्सा दीर दत्तराव यांना सोडते. अज्ञान, म्हंजी अठराच्या आतल्या मुलीचा हिस्सा आईला असा सोडता येत न्हाई, त्याला कोर्टाची परवानगी लागती, हे मला त्याच पुस्तकानं शिकवलं होतं. मी तसं बोलले. किशनराव मान डोलवत राहिले.

"कडूचा भाऊ रेल्वेत हाय पूर्णेला," भावजी खाली बघत म्हणाले. "बायको मेली त्याची. वच्छी तिथंच हाय आता. सही झाली की उद्या पोरगी घरी. न्हाई झाली तर त्यांच्या घरात अक्षता तयारच हायेत, वहिनी."

मी पंडितकडं बघितलं. "अरे, बोल की काही!" मी ओरडले. किशनरावांनी कागद त्याच्याकडं सरकवला, "साक्षीदार म्हणून तुझी सही आधी," आन् त्यानं केली.

मी सही केली. अक्षर न् अक्षर वाचून केली. अडाणी असते तर अंगठा दिला असता आन् काय गेलं ते कळलंसुद्धा नसतं.

"पुस्तकं आणायची का परत?" पंडितनं हळूच विचारलं.

"पुस्तकं कशाला?" किशनराव म्हणाले. "पाटी राहू दे. लोकांची गरज हाय."

मी बाहेर पडले तर पायरीवर बायनाबाई. माझ्या पोथीला येणारी, नुकताच नवरा गेलेली, भावकीनं बांध कोरून जिचं रान अर्ध्यावर आणलेलं. तिला अक्षर ओळखू येत नव्हतं. "बरं झालं बाई तुमी भेटल्या," ती म्हणाली. "म्हणतेत, हितं जमिनीचं कपाट वेगळं केलंय. मला वाचून दाखवताल का?"

मी तिचा दंड धरला. "तसलं काही कपाट न्हाई हितं. घरी चल," मी मोठ्यानं म्हणले आन् तिला ओढायला लागले.

"हाय की, बायनाबाई!" आतून किशनरावांचा आवाज आला, एकदम मायेचा. "या, आत या. काय पाहिजे ते सांगा."

बायनाबाईनं माझ्याकडं बघितलं. अध्यक्ष स्वतः बोलवायलेत म्हटल्यावर तिनं माझा हात सोडवला, चपला काढल्या आन् आत गेली.